घरबसल्या पॅकिंगचं काम : आधी पैसे कोण देतंय, ते बघा

सोयाबीनची काढणी उरकली की शेतातली मजुरी कमी होते. नेमक्या याच दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती फिरतात: घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिन्याला ३० हजार कमवा.

वर नामांकित कंपनीचा लोगो, फोनवर गोड बोलणारी 'मॅडम'. आधी नोंदणीचे पाच-सहाशे रुपये मागतात. मग ओळखपत्राचे, कुरिअरचे, जीएसटीचे. पैसे जात राहतात, माल काही येत नाही. रक्कम छोटी, म्हणून बाया घरीसुद्धा सांगत नाहीत. या शरमेवरच हा धंदा चालतो.

मुळात कारखान्यात यंत्रावर झटपट होणारं पॅकिंग कंपनी भाडं भरून खेड्यात कशाला पाठवेल?

घरी बसून करायचं काम खोटंच असतं, असं नाही. सोलापुरात हजारो बाया घरी विड्या वळतात. पानं-तंबाखू कारखान्याकडून येतो. १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या लिज्जतमध्ये बहिणी पीठ घरी नेतात, पापड लाटून देतात अन् मजुरी घेतात. तिथं मजुरी कमी आहे, छाटणीत माल बादही होतो. पण कच्चा माल देणारा पैसे देतो, मागत नाही. खरं-खोटं ओळखायची खूण हीच.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. वातीचं किंवा अगरबत्तीचं मशीन घ्या, तयार माल आम्हीच उचलू, असा करार होतो. मशीन खरंच येतं. पण 'दर्जा योग्य असल्यास' हे शब्द करारात असतात, अन् पुढं माल नापास होतो. समजा मशीन ३५ हजारांचं आहे अन् सगळा खर्च जाता दिवसाला १०० रुपये सुटले. तरी किंमत वसूल व्हायला ३५० दिवस लागतात. तिसऱ्याच महिन्यात खरेदी थांबली, तर गटाच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार?

म्हणून मशीन घेण्याआधी जुन्या चार ग्राहकांच्या घरी जाऊन यावं. तोच माल आठवडी बाजारात विकला जाईल का, तेही बघावं. विकला जात नसेल, तर कराराच्या भरवशावर कर्ज काढू नये.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवायची शक्यता कमी.