रोहूचा हिशोब आहे, रोहीचा का नाही?



आम्ही तालुक्यातले काही शेतकरी एकाच दिवशी दोन केंद्रे पाहून आलो. एक अभयारण्याच्या दारातले वन्यजीव माहिती केंद्र, दुसरे धरणाखालचे सरकारी मत्स्यबीज केंद्र.

माहिती केंद्र देखणे आहे. गवत, गवत खाणारा रोही, रोह्याला खाणारा वाघ, अशी साखळी भिंतीवर रंगवली आहे. त्या साखळीत पऱ्हाटी नव्हती, ज्वारीचे कणीस नव्हते. रोही आणि रानडुकरे रात्री कुठे चरतात हे मचाणावर जागणाऱ्याला विचारा. ज्वारीचा पेरा आपण हौसेने सोडला नाही. राखण परवडेना म्हणून सोडला. त्याबरोबर गोठ्यातला कडबाही गेला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उभ्या पिकाचा विचार आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगीने त्यांची शिकार करता येते. हे मात्र एकाही फलकावर नव्हते.

मत्स्यबीज केंद्रात वेगळी तऱ्हा. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले. आज तिथे जिरे किती, बोटुकली किती, मेले किती, खाद्य किती, सगळे वहीत आहे.

रोहूच्या जिऱ्याचा हिशोब ठेवता येतो, तर रोह्याने खाल्लेल्या क्विंटलांचा का नाही? राखणीच्या रात्री कोणत्या पंचनाम्यात येतात?

आमचे वाघाशी वैर नाही. पण जंगल साऱ्या देशाचे असेल तर त्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी का? भरपाई ही मेहरबानी नव्हे, ते चाऱ्याचे बिल आहे.

ज्यांच्या शेततळ्यात दिवाळीपर्यंत पाणी टिकते त्यांनी जिरे वाढवून बोटुकली जरूर विकावी, पण गिऱ्हाईक आधी ठरवावे. आणि 'जोडधंदा करा' हे कापसाच्या भावाला उत्तर होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने वही आणावी : तारीख, गट नंबर, पीक, नुकसान, जागलेल्या रात्री. बोलायचे ते त्या वहीवरून बोलू.