जमादाराचा रुपया

दोस्तहो, एका रुपयाचा हिशोब करू. फक्त एका.

१९८२ साली दिल्लीत एशियाड भरलं. स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं झपाट्यानं उभी राह्यली. उभी केली कुणी? राजस्थान, यूपी, ओरिसातून जमादारांनी आणलेल्या मजुरांनी. किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार पैसे जमादाराच्या हातात ठेवायचा, जमादार आपला रुपया काढून घ्यायचा. मजुराला उरायचे ८ रुपये २५ पैसे. बायांना तर सातच.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सनं सुप्रीम कोर्टाला पत्र धाडलं. कामं होती दिल्ली विकास प्राधिकरण, नवी दिल्ली नगरपालिका आणि दिल्ली प्रशासनाची. सरकार कोर्टात म्हणालं काय? हे मजूर आमचे नव्हेत, ठेकेदाराचे. वा रे वा! मैदान तुमचं, झेंडा तुमचा, आणि घाम तेवढा ठेकेदाराच्या खात्यावर?

न्यायमूर्ती भगवती आणि बहारुल इस्लाम यांनी ते उडवून लावलं. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं ही वेठबिगारीच, घटनेच्या कलम २३ चा भंग. पोटाच्या मारानं माणूस कबूल होतो, तीही जबरदस्तीच. ठेकेदार मधे घातला म्हणून सरकार सुटत नाही. (येसकरपाळी केलेल्या आपल्या आज्याला विचारलं असतं, तर त्यानं हे कोर्टाच्या आधीच सांगितलं असतं.)

आता टेंडरचं बाड उघडा. लोखंड-सिमेंट महागलं तर मोठ्या कामात ठेकेदारासाठी भाववाढीचं कलम. त्याचं बिल अडकलं तर त्याला लवाद. सरकारचं नुकसान होऊ नये म्हणून बयाणा, सुरक्षा अनामत, मुदत चुकली की दंड. दोघंही एकमेकांपासून कसे जपून! सह्या दोनच. ज्याच्या डोक्यावर घमेलं, त्याचा अंगठाही नाही. त्याच्यासाठी कुठंतरी शेपटाकडं एक ओळ : ठेकेदारानं सर्व कामगार कायदे पाळावेत. झालं.

आणि काम कुणाला? ज्याचा दर सगळ्यात खाली त्याला. सिमेंट, डिझेल बाजारात सगळ्यांना साधारण एकाच भावानं मिळतं. मग हा पठ्ठ्या दर पाडतो कशातून? थोडा मालात, बाकी मजुरीत. मंजुरीची सही ठोकणाऱ्या इंजिनिअर साहेबाला हे कळत नाही असं कुणी सांगू नये.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, पब्लिक वर्क्सही त्यांच्याच खात्यात. म्हणजे सरकारी बांधकाम आणि मजूर एकाच टेबलावर. आज टेबलावर फक्त फाईल.

कायदा नाही असं नाही. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती द्यावी आणि ठेकेदाराच्या बिलातून कापावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. पण केंद्राच्या जुन्या कायद्यात वीस मजुरांचा ठेकेदार सापडायचा, आता पन्नास लागतात. आपल्या महाराष्ट्रानं ही मेहेरबानी आधीच करून ठेवली होती. म्हणजे ठेका तोडा, एकोणपन्नासांच्या टोळ्या पाडा, मोकळे व्हा.

बांधकामाच्या खर्चावर मजुरांसाठी उपकर आहे ना? आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं हिशोब मांडला : जमा ३७,४०० कोटींहून जास्त, खर्च सुमारे ९,५०० कोटी. त्यातूनही लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनं घेतल्याचं निघालं. पाण्याच्या टँकरमागं पळणाऱ्या बाईला वॉशिंग मशीन!

तेव्हा नाक्यावर जा. आपल्या वस्तीतल्या गटाराचं, शाळेचं, रस्त्याचं काम चालू असेल तिथं जा. मजुराला विचारा, हातात किती पडले. २००५ च्या माहिती अधिकारात करारनाम्याची आणि हजेरीपटाची प्रत मागा, दोन्ही शेजारी ठेवा. फरक दिसला की ठेकेदाराच्या मागं धावू नका, तो दुसऱ्या नावानं फर्म काढतो. सरळ काम काढणाऱ्या हापिसात घुसा. साहेब म्हणेल, ठेकेदाराला भेटा. तिथून हलायचं नाही. १९८२ चा निकाल काढायचा आणि मोठ्यानं वाचायचा.