मुकें चित्र आणि बोलके साक्षी

जी वस्तु आपण कधीं पाहिलीच नाहीं, तिची आठवण येणें शक्य आहे काय? न्यायशास्त्राला विचारल्यास उत्तर स्पष्ट आहे. स्मृति ही पूर्वानुभवाच्या संस्कारापासून उत्पन्न होते. अनुभवच नसेल तर स्मृति कोठून यावयाची? परंतु हल्लीं घरोघर निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. आमचीं मुलें व नातवंडें हातांतील मोबाईलवर जुन्या शहरांतील ट्रामगाड्यांचीं चलच्चित्रें पाहत बसतात, आणि एखादा सुस्कारा टाकून म्हणतात, "काय ते दिवस होते!" ज्या दिवसांसंबंधानें हा उद्गार निघतो, त्या दिवसांत त्यांचे आजोबासुद्धां पाळण्यांत असावयाचे!

या हुरहुरीस हंसूं नये असें मला वाटतें. कालिदासासारख्या महाकवीनें तिची दखल घेतली आहे. शाकुंतलाच्या पांचव्या अंकाच्या आरंभीं हंसपदिकेचें गाणें दुष्यंताच्या कानीं पडतें आणि त्याचें मन एकाएकीं कासावीस होतें. प्रिय माणसाचा वियोग तर झालेला नाहीं, मग हें काय? पूर्वजन्मींचे स्नेह मनाला नकळत आठवत असावेत, असें तो स्वतःचें समाधान करून घेतो. प्रेक्षकांना मात्र ठाऊक असतें कीं, येथें पूर्वजन्माचा कांहीं संबंध नाहीं. गोष्ट याच जन्मांतली आहे. राजा ती विसरला आहे, आणि खूण पटवून देणारी अंगठी या क्षणीं जवळ नाहीं, एवढेंच. ट्रामच्या चित्रांनीं लागणाऱ्या हुरहुरीचेंही पुष्कळसें असेंच आहे. आठवण खरी असते. ती आपली नसून त्याच घरांतील दुसऱ्या कोणाची तरी असते.

अशा चित्रांत विशेष गाजलेलें चित्र अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराचें आहे. 'अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट' हें त्याचें नांव. १९०६ सालीं माइल्स बंधूंनीं तेथील मार्केट स्ट्रीट या हमरस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या अंगास कॅमेरा बसवून तें घेतलें. ही गाडी घोड्यांची नव्हे आणि विजेचीही नव्हे. रस्त्याच्या पोटांत पोलादी तारांचा दोर अखंड धांवत असे, वाफेचें यंत्र तो ओढीत असे, आणि गाडीवान रस्त्याच्या फटींतून खालीं सोडलेल्या चिमट्यानें तो दोर पकडून गाडी चालवी व सोडून देऊन थांबवी. चित्र अवघें तेरा मिनिटांचें. त्यांत कथा नाहीं, नायक नाहीं, शब्द नाहीं. समोर फेरी बिल्डिंगचा घड्याळाचा मनोरा हळूहळू जवळ येतो, आणि दोन्ही बाजूंनीं रस्ता मागें सरत जातो. घोडागाड्या, सायकली, मोटारी, वर्तमानपत्रें विकणारीं पोरें, टोपीवाले गृहस्थ, लांब झग्यांतील स्त्रिया, सारीं एकाच रस्त्यावर आहेत. गाडीच्या पुढ्यांतून खुशाल आडवीं जातात, क्वचित् मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहतात व दिसेनाशीं होतात.

हें चित्र केव्हांचें, याविषयीं पुष्कळ वर्षें चुकीची समजूत होती. तें १९०५ च्या सप्टेंबरांतलें असें मानीत. डेव्हिड कीन नांवाच्या अभ्यासकानें एका क्षुल्लक गोष्टीकडे लक्ष दिलें : चित्रांतील रस्त्यावर ठिकठिकाणीं पाणी सांचलेलें आहे. त्या सप्टेंबरांत तर तेथें पाऊस नव्हता! मग त्यानें जुनीं वर्तमानपत्रें काढून हवामानाच्या नोंदी चाळल्या, चित्रांतील मोटारीचा क्रमांक नोंदणीशीं ताडून पाहिला, आणि असें दाखवून दिलें कीं, हें चित्र १९०६ च्या वसंतांतील, भूकंपाच्या अगदीं थोडे दिवस आधींचें आहे. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे पांच वाजून बारा मिनिटांनीं तो भूकंप झाला; मागाहून आग लागली, ती कित्येक दिवस विझली नाहीं, आणि चित्रांत दिसणारा बहुतेक रस्ता नाहींसा झाला. माइल्स बंधूंची तेथील चित्रशाळाही गेली. फीत तेवढी आदल्या दिवशीं आगगाडीनें न्यूयॉर्ककडे रवाना झाली होती, म्हणून वांचली.

हें समजल्यावर तेंच चित्र पुन्हां पाहावें. फिती तीच, माणसें तींच; परंतु आतां तो रस्ता ओलांडणारा प्रत्येक माणूस निराळा दिसूं लागतो. चित्रांत भर पडलेली नाहीं. भर पडली ती कोणीतरी विचारून, शोधून मिळविलेल्या माहितीची.

चित्र खोटें बोलूं शकतें, हेंही येथेंच सांगून टाकतों. त्या तेरा मिनिटांत मोटारींची जी गर्दी दिसते, ती सर्व खरी नाहीं. नीट पाहिल्यास एकच मोटार कॅमेऱ्याला वळसे घालून पुन्हां पुन्हां पुढें येते, हें ध्यानीं येतें. शहर गजबजलेलें दिसावें म्हणून ही योजना असावी, असें जाणते म्हणतात. आणि अलीकडे तर यंत्राच्या साहाय्यानें या चित्रांना रंग चढवितात, घोड्यांच्या टापा व गाड्यांचा खडखडाट वरून जोडतात. मुलांना तें फार आवडतें. मला आवडत नाहीं. त्या स्त्रीचा झगा निळा होता कीं करडा, हें त्या यंत्राला कोणीं सांगितलें? जीर्ण पोथींतील गळालेलीं अक्षरें लेखकूनें पदरचीं घालावींत आणि तीं मूळचींच म्हणून खपवावींत, त्यांतलाच हा प्रकार आहे.

बरें, वांचण्याचें भाग्य तरी सर्व चित्रांना कोठें असतें? चलच्चित्र मुंबईस आलें तें ७ जुलै १८९६ रोजीं, वॉटसन हॉटेलांत. त्यानंतर तीनच वर्षांनीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनीं एका कुस्तीचें चित्र घेतलें. आणि केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचेंही चित्र घेतलें. ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें, त्यांतील किती घरांच्या पणजोबांनीं त्या दिवशीं अभिमानानें मान उंच केली असेल! ती फीत आज उपलब्ध नाहीं. ज्या प्रसंगाचें चित्र निघालें तो प्रसंग आज आपल्याला चित्रामुळें नव्हे, तर लोकांनीं लिहून ठेवला म्हणून ठाऊक आहे.

आतां आपल्या मुंबईच्या ट्रामकडे वळूं. तिचा जन्म ९ मे १८७४ चा. घोड्यांची ट्राम दोन मार्गांवर सुरू झाली : कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, आणि बोरीबंदरपासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. भाडें आरंभीं तीन आणे असून तिकीट मुळींच देत नसत. पुढें भाडें दोन आण्यांवर आलें, फुकट्या प्रवाशांची संख्या वाढली, आणि त्याच वर्षीं तिकिटें निघालीं. (ही आमच्या लोकांची तत्परता बरीच जुनी म्हणावयाची!) ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवूं लागली, १९२० च्या सप्टेंबरांत दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुटली, आणि तेथूनच ट्रामची साडेसाती लागली असें म्हणावयास हरकत नाहीं. ट्राम रुळांची बांधलेली. बसला वाटेल तेव्हां वळतां येई. रस्त्याच्या मधोमध उभें राहून माणसें उतरविणारी ट्राम मोटारवाल्यांना अडथळा वाटूं लागली. रूळ जुने झाले, डबे जुने झाले, खर्च भागेना. अखेर ३१ मार्च १९६४ रोजीं रात्रीं दहाच्या सुमारास बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. तिला निरोप देण्यासाठीं रस्त्याच्या दुतर्फा लोक जमले होते.

म्हणजे ज्यांनीं मुंबईची ट्राम जाणत्या वयांत वापरली, तीं माणसें आज ऐंशीच्या घरांत किंवा त्याही पलीकडे आहेत. कलकत्त्याची गोष्ट निराळी. तेथें १८७३ मध्यें सुरू झालेली ट्राम एकविसाव्या शतकांतही चालू राहिली, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत एस्प्लनेड ते मैदान एवढा मार्ग वगळून ती बंद करण्याचा विचार सरकारनें जाहीर केला, तेव्हां ती राखावी म्हणून लोकांनीं आवाज उठविला. आमच्यापाशीं राखावयास गाडी उरलेली नाहीं. साक्षी तेवढे उरले आहेत, आणि ते माजघरांत बसलेले आहेत.

त्यांना विचारावें कसें, याविषयीं दोन शब्द लिहितों. प्रश्न विचारणें हा माझा जन्माचा व्यवसाय होता. "आजी, ट्राम कशी होती हो?" असा प्रश्न केल्यास "फार छान होती बाळ," यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. वर्गांतही 'शिवाजी कसा होता?' या प्रश्नाला 'शूर होता' एवढेंच उत्तर येत असे. प्रश्न लहान व हाताला लागेल असा असावा. पैसे कोणाजवळ असत? चढतांना कोण आधीं चढे? पाऊस आला तर काय करीत? कोणत्या थांब्यावर उतरल्यावर कोणाचें घर लागे?

या दिवाळींत आमच्या आत्याबाई आमच्याकडे होत्या. वय शहाऐंशी, माहेर गिरगांवचें, सासर दादरच्या हिंदु कॉलनींतलें. मुलांनीं त्यांना मोबाईलवर ट्रामचीं चित्रें दाखविलीं. त्यांनीं तीं चष्मा पुसून शांतपणें पाहिलीं आणि "बरीं आहेत" एवढेंच म्हटलें. मग मीं त्यांना वरच्यासारखा एक प्रश्न केला : पैसे कोणाजवळ असत? त्याबरोबर बांध फुटावा तसें झालें. पैसे आईजवळ, रुमालाच्या गांठींत. ती गांठ ओली झाली कीं सुटत नसे, आणि मग कंडक्टर "राहूं द्या बाई, पुढच्या थांब्याला द्या" म्हणून पुढें सरके. नऊवारी नेसलेल्या बाईला पायरी उंच पडे. ड्रायव्हर पायानें घंटा वाजवी. लहान मुलांना तो नाचतो आहे असें वाटे. पावसांत वरच्या तारेवर निळी ठिणगी उडाली कीं धाकटा भाऊ आईच्या पदरांत शिरे. परळच्या बाजूला पाणी तुंबलें म्हणजे गाड्या एकापाठीमागें एक उभ्या, आणि वडील धोतर गुडघ्यावर खोंचून, पायताणें हातीं घेऊन रात्रीं नऊ वाजतां घरीं येत. आणि बांकांत ढेंकूण असत! "हे तुमच्या चित्रांत कुठे दिसतात?" त्यांनीं नातवाला विचारलें. खरोखर, कोणत्याही कॅमेऱ्यानें ट्रामचे ढेंकूण टिपलेले माझ्या पाहण्यांत नाहींत. आणि ज्यांना ते दिवस सोन्याचे वाटतात, त्यांनीं हा एक पुरावा अवश्य विचारांत घ्यावा.

नातवानें एका वहींत हें सर्व उतरून घेतलें. उतरतां उतरतां त्याची लेखणी अडली ती 'दादर टी. टी.' या नांवापाशीं. दिवसांतून दोन वेळां तो त्या चौकावरून जातो, टी. टी. म्हणजे तेथें पूर्वीं टेबल टेनिस खेळत असावेत, अशी त्याची समजूत! "अरे, ट्राम टर्मिनस," आत्याबाई म्हणाल्या. "शेवटची गाडी तिथेंच आली ना."

मग ती गाडी तुम्हीं पाहिली असेल, असें त्यानें मोठ्या उत्सुकतेनें विचारलें. चौक त्यांच्या घरापासून हांकेच्या अंतरावर. यजमान थोरल्याला खांद्यावर घेऊन पाहावयास गेले होते. सगळी आळी लोटली होती.

"मी नाहीं गेलें," आत्याबाई म्हणाल्या. "धाकटीला ताप होता. कपाळावर घड्या ठेवीत बसलें होतें. खिडकी उघडी ठेवली होती, म्हटलें घंटा तरी ऐकूं येईल. पण लोकच इतके ओरडत होते कीं, घंटा कांहीं ऐकूं आली नाहीं."