गुरू घासीदासांचा वारसा आणि जैतखामचा प्रश्न

मे 2024 मध्ये छत्तीसगडमधील गिरौदपुरीजवळच्या अमरगुंफा परिसरात जैतखामची तोडफोड झाली. जैतखाम म्हणजे सतनामी समाजाचा शुभ्र ध्वज धारण करणारा पांढरा स्तंभ. पोलिसांनी संशयितांना अटक केली, तरी खरे सूत्रधार मोकळेच असल्याची भावना समाजात कायम राहिली. 10 जून रोजी बलौदा बाजार येथील निदर्शनांना हिंसक वळण लागले व जिल्हा मुख्यालयातील शासकीय इमारत पेटवून देण्यात आली. एका स्तंभावरून एवढा प्रक्षोभ का व्हावा, असा प्रश्न राज्याबाहेर अनेकांना पडला.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. 2012 पर्यंत रायपूर जिल्ह्यात असलेल्या गिरौदपुरी येथे 1756 मध्ये गुरू घासीदासांचा जन्म झाला. त्यांच्या हयातीत या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. निराकार सतनामाची उपासना, मूर्तिपूजेचा आणि मद्य, मांस, तंबाखूचा त्याग, मनुष्यमात्राची समानता ही त्यांची शिकवण. भर दुपारी नांगर चालवू नये, असाही उपदेश परंपरा त्यांच्या नावावर सांगते. मंदिराचे दार बंद असलेल्या अनुयायांसाठी त्यांनी ते उघडण्याची विनवणी केली नाही. मंदिराची गरजच नाकारली. वस्तीवस्तीत उभा असलेला जैतखाम ही त्या नकाराची खूण आहे.

पुढे पंडित सुंदरलाल शर्मा यांनी निराळा मार्ग धरला. 1925 मध्ये राजिम येथे त्यांनी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ केली. 1933 च्या रायपूर भेटीत महात्मा गांधींनी त्यांच्या कार्याचा गौरव केला. सतनामी गुरुकुटुंबातील मिनीमाता पन्नासच्या दशकात लोकसभेत पोहोचल्या.

सन 2000 मध्ये राज्य स्थापन झाल्यावर घासीदासांच्या सन्मानात उणीव राहिली नाही. गिरौदपुरीत कुतुबमिनारपेक्षा उंच, 77 मीटरचा जैतखाम उभारला गेला. मात्र 2012 मध्ये अनुसूचित जातींचे आरक्षण 16 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. लोकसंख्येचे प्रमाण पाहता शासनाचा युक्तिवाद निराधार नव्हता, पण समाजाला तो हक्कसंकोच वाटला. सन्मान वाढत असताना विश्वास घटत गेला.

जाळपोळ घासीदासांच्या शिकवणीत बसत नाही, हे स्पष्टच आहे. परंतु प्रशासनाने मालमत्तेच्या किरकोळ नुकसानीसारखे हे प्रकरण हाताळले, हेही नजरेआड करता येत नाही. निवृत्त न्यायाधीशांचा आयोग प्रत्यक्ष नेमला गेला, तो इमारत जळाल्यानंतर.