विग लपवून ठेवाल तर गुंतणारच

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन सुरू होते. दरवर्षी पुढच्या रांगेत बसणाऱ्या एक ताई यंदा दिसेनात, म्हणून आम्ही महिला मंडळाच्या चौघी त्यांच्या घरी गेलो. छातीच्या कर्करोगावर केमो सुरू होती, केस गेले होते. नातेवाइकांनी पैसे जमवून खऱ्या केसांचा विग आणून दिला होता. पण तो पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत ओला गोळा होऊन पडला होता. शेजारणींना दिसू नये म्हणून ताई तो रात्री धुवायच्या आणि ओलाच पिशवीत कोंबायच्या. "विंचरता येत नाही आणि बोडक्या डोक्याने येववत नाही," त्या म्हणाल्या.

आमचे मत स्पष्ट आहे. तो विग ताईंच्या निष्काळजीपणामुळे गुंतला नाही, लाजेमुळे गुंतला. आणि ही लाज त्यांची एकटीची नाही, आपल्या सगळ्या वस्तीची आहे.

शहापूरची बाई आसनगावहून लोकल धरते, मुरबाडची एसटीने कल्याण गाठते, तेव्हा कुठे परळचे टाटा रुग्णालय येते. केमोच्या अनेक औषधांनी २ ते ३ आठवड्यांत केस गळू लागतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुतेकींचे केस परत येतात. तोवर विग टिकायला हवा, कारण दुसरा घेणे आपल्या घरांना झेपत नाही.

विग गुंततो का, ते आधी समजून घेऊ. केसावर मुळाकडून टोकाकडे बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. डोक्यावरच्या सगळ्या केसांची कौले एकाच दिशेने असतात आणि मुळातून तेल मिळते. विगच्या केसाला ते तेल नाही. शिवाय दारावर येणारी बाई आपली गुंतवळ घेऊन भांडी देते, तशा गोळा केलेल्या केसांत मुळे आणि टोके उलटसुलट मिसळलेली असतात. कौले एकमेकांत अडकली की गाठ पडते. मानेमागे कॉलर, पदर आणि घाम यांनी ती सर्वांत आधी पडते.

म्हणून विग धुण्याआधी विंचरावा. रुंद दातांचा कंगवा घ्यावा, केस मुळाशी हाताने धरावेत आणि टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे. वरून खाली ओढले की गाठ घट्ट होते आणि केस जाळीतून निघतात. साध्या पाण्यात थोडा सौम्य शाम्पू विरघळवून विग त्यात बुडवावा. चोळू नये, पिळू नये. कंडिशनर फक्त लांबीला लावावा, जाळीला नाही, नाहीतर केसांच्या गाठी सुटतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे आणि उपड्या डब्यावर किंवा कळशीवर सावलीत वाळवावा. चूल, गॅस आणि कडक ऊन यांपासून लांब ठेवावा. ओला असताना विंचरू नये, पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवू नये. खोबरेल तेल थापू नये, त्यावर धूळ बसते. झोपताना विग काढावा. लांब असेल तर सैल वेणी घालून ठेवावा. रोज वापरत असाल तर १० ते १५ दिवसांनी एकदा धुणे पुरे, घाम फार येत असेल तर थोडे लवकर. डोक्याला खाज किंवा फोड आले तर विग बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

भातसा आणि तानसा धरणे शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट. तरीही विगला अर्धी बादली पुरते. ती बादली नवऱ्याने भरावी, वाळत घातलेल्या विगकडे मुलांनी लक्ष द्यावे. जेवणाचा डबा उघड्यावर वाळतो, तसा विगही वाळला पाहिजे.

'बोडकी' ही शिवी विधवेला अपशकुनी मानणाऱ्या रूढीतून आली. त्या केशवपनाविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांना उभे केले होते. आणि आपल्या परंपरेत महाप्रजापती गौतमीने स्वतःचे केस उतरवले, काषाय वस्त्र नेसले आणि शाक्य स्त्रियांसह पायी वैशाली गाठली, असे विनयपिटक सांगते. मुंडन केलेल्या भिक्खूंना आपण वंदन करतो. मग औषधाने केस गेलेल्या बहिणीकडे टक लावून का पाहतो?

विग घालायचा, रुमाल बांधायचा की उघड्या डोक्याने यायचे, हे तिने ठरवावे. आपण फक्त सतरंजीवर तिची जागा ठेवावी. आम्ही चौघींनी तो विग दोन दुपारी बसून टोकापासून सोडवला. थोडे केस गेले, बाकीचा वाचला. पुढच्या रविवारी ताई विहारात आल्या, डोक्याला साधा सुती रुमाल बांधून. विग घरी ओट्यावर, उपड्या कळशीवर वाळत होता.