फाटकासमोरची गाडी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीस आमच्या वर्गात एक अर्ज फिरला. 'महाविद्यालयाच्या फाटकासमोरील हातगाड्या व फेरीवाले यांचा रहदारीस अडथळा होतो, सबब ते हटविण्यात यावेत,' असा मजकूर होता. भाषा मोठी झोकदार होती. मी सही केली. शेजारच्याने केली म्हणून केली, हे आता सांगायला हरकत नाही.

पंधरवड्याच्या आत गाड्या गेल्या. भजीवाले काका गेले, पेरूवाली मावशी गेली, पंक्चर काढणारा गेला. चार दिवस पदपथ कसा स्वच्छ, मोकळा! पाचव्या दिवसापासून तिथे मोटारसायकली लागू लागल्या आणि पाठोपाठ काही मोटारीही. (गुरुजनांनी क्षमा करावी.) आम्ही पायी येणारे पूर्वी गाड्यांना वळसा घालून चालत होतो, आता मोटारींना घालतो. मोटारीवर भजी मात्र मिळत नाहीत.

विनोदाचा भाग सोडा. ग्रंथालय संध्याकाळी सातला बंद होते. पूर्वी काकांच्या दिव्याच्या उजेडात मुली एस. टी.ची वाट पहात उभ्या असत. कोणी टवाळ घुटमळू लागला की काका झारा हातात घेऊनच विचारत, 'काय पाहिजे रं?' तो निघून जाई. आता तिथे अंधार असतो. आमच्या वर्गातील दोघींनी संध्याकाळी ग्रंथालयात बसणेच सोडून दिले आहे. अर्जावर त्यांच्याही सह्या होत्या.

रस्ता आखताना आपण एकच प्रश्न विचारतो : वाहने किती वेगाने जातील? वास्तविक आपल्याकडे रस्त्यावर बाजार भरतो, पालखी थांबते, गणपती बसतो, म्हातारी माणसे ओट्यावर बसून गावाची खबर घेतात. हे सगळे आपण अडथळ्याच्या सदरात घालतो. मग तोडगा निघतो, की बाजाराला एक इमारत बांधून द्या. पुण्याची मंडई १८८६ साली उभी राहिली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरील खर्चाला विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते! इमारत देखणी आहे, पण आजही तिच्याभोवतीच्या रस्त्यांवर विक्रेते बसतातच. कारण साधे आहे. गिऱ्हाईक ज्या वाटेने घरी जाते त्या वाटेवर जुडी विकली जाते.

कायदाही अर्जातल्या भाषेपेक्षा शहाणा आहे. रस्त्यावर बसून व्यापार करणे हाही घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच म्हटले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तर विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवू नये असे सांगितले, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या. हे मी अर्जानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

काही जण म्हणतील, मग तेलकट कागद, गटारात जाणारे खरकटे, उघड्यावरचे पाणी, हे सगळे सोसायचे? मुळीच नाही. त्या गाडीवरचे पाणी पिऊन मीही एकदा आठवडाभर अंथरूण धरले होते. पण त्याला उपाय नळ, कचऱ्याचा डबा आणि झाकलेले गटार हा आहे. आमच्या फाटकासमोरचा पदपथ मी एका मित्राच्या मदतीने टेपने मोजला. कडेच्या झाडांची व खांबांची पट्टी धरून तो चार मीटर भरला. चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा ठेवावी असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. तेवढी सोडूनही झाडांच्या ओळीत गाड्या सहज मावतात, वर सावलीही मिळते. एका मोटारीच्या जागेत तीन हातगाड्या बसतात. चौथी आली तर काय, हा प्रश्न खरा आहे. तो समितीने सोडवावा, परवाने द्यावेत, रेषा आखाव्यात आणि त्या रेषा मोटारींनीही पाळाव्यात.

मोठ्या शहरांना हे सुचू लागले आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला होता. एकच दिवस, हे खरे. पण त्या रस्त्यावर एरवी शनिवारी मोटार कशी अडकून पडते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या एका दिवसाचेही अप्रूप वाटेल.

मी आता दुसरा अर्ज लिहिला आहे : गाड्यांना झाडांच्या ओळीत जागा, एक नळ आणि दोन दिवे. जिमखान्याच्या फलकाशेजारी तो टांगला आहे. आजवर अकरा सह्या झाल्या. त्यांत त्या दोघींच्या आहेत, प्राध्यापकांच्या दोन.

परवा काका स्टँडमागच्या गल्लीत भेटले. तिथे धंदा निम्म्यावर आला आहे म्हणाले. पुडी बांधता बांधता त्यांनी विचारले, 'पेपर कसे गेले?' पहिल्या अर्जावर माझी सही होती हे त्यांना ठाऊक नाही. मी 'बरे गेले' म्हटले आणि पैसे देऊन निघालो.