वीस मिनिटे आणि काचेची नळी

रोवणीच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांध्यांमध्ये कुणाला घोणस चावला, की ‘विषाने रक्त पातळ झाले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात आधी घडते ते उलटे. घोणसच्या विषातील प्रथिने रक्त गोठण्याच्या साखळीतला पाचवा आणि दहावा घटक परस्पर चेतवतात. जखम नसतानाही आत गोठण सुरू होते. फुरशाचे विष तर थेट प्रोथ्रॉम्बिनवरच घाव घालते. या नसत्या उद्योगात फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याच्या धाग्यांतून गुठळी तयार होते ते प्रथिन, काही तासांत संपते. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून रक्त येत राहते. अशा रुग्णाच्या दंशावर ब्लेडने चिरा देणे म्हणजे हाताने मरण ओढवणे.



हा बिघाड ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे हात लावायचा नाही, मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त वाहिले, तर विषबाधा झाली असे धरायचे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत धडधाकट माणसाचे रक्तही वेळेत गोठेलच असे नाही आणि सर्पविषावरची लस विनाकारण दिली जाते. उलट, रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवणेही चूक. मण्यार चावलेल्याचे रक्त व्यवस्थित गोठते. त्याच्या पापण्या जड होतात, श्वास अडतो. शिवाय घोणसचे विषही सावकाश भिनू शकते.

लस विषाला निष्प्रभ करते, संपलेले फायब्रिनोजेन भरून देत नाही. ते यकृतालाच नव्याने बनवावे लागते, त्याला वेळ लागतो. म्हणून सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या कुप्यांची मोजदाद होते, काचेच्या नळ्यांची कोण करतो? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे बंद पडत आला आहे. तिथल्या केंद्रात जूनच्या आतच लसीबरोबर नळ्यांची खोकी पोहोचली पाहिजेत, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेलाही ही चाचणी करता आली पाहिजे.